मस्कतहून काय मागवायचं आणि काय नाही (तीस किलोच्या हिशोबाने)

आम्ही ओमानमधल्या मस्कतहून कायमचे डोंबिवलीला आलो त्याला आता बराच काळ झाला, पण अजून तिकडून कोणी सुट्टीवर यायचं असलं की व्हॉट्सॲपवर ठरलेला मेसेज येतो, "ताई काय आणू?" आणि आपण "अरे काही नको, तू ये फक्त" असं लिहितो आणि मनात यादी तयार असते. तर ही ती यादी, खरी खरी. नुसत्या चवीवर मार्क देण्यात काही अर्थ नाही कारण आणणाऱ्याला सामान ३० किलोच मिळतं, त्यातलं निम्मं त्याच्या सासरचं, उरलेल्यात आपली जागा. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला दोनच प्रश्न विचारलेत, इथे मिळतं का, आणि नाही मिळत तर वजनाच्या मानाने मजा येते का.

सुरुवात ओमान चिप्सपासून, कारण माझा दीर मी दारात चप्पल काढायच्या आधी विचारायचा "वहिनी, चिप्स आणलेत का?" लाल रंगाचं छोटंसं पाकीट, बटाट्याचे पातळ तिखट चिप्स, तिकडे काही बैशांत (ओमानी सुट्ट्या पैशांत) मिळतं, शाळेतल्या पोरांपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळे खातात. नुसते खाल्ले तर चांगले आहेत पण जीव टाकावा असं काही नाही हे मी आधीच सांगते. त्यांची खरी जागा पराठ्यात. मस्कतमधल्या रुवीला किंवा कुठेही गल्लीत जी चहाची टपरी असते तिच्या पाटीवर 'कॉफी शॉप' लिहिलेलं असतं, चालवणारे बहुतेक केरळचे, तुम्ही गाडी लावून हॉर्न दिलात की मुलगा बाहेर येऊन ऑर्डर घेऊन जातो, खाली उतरायचं कामच नाही. तो तव्यावरून गरम मलबारी पराठा काढतो, त्यावर बरणीतलं क्रीम चीज सढळ हाताने फासतो, चिप्सचं बंद पाकीट दोन तळहातांत धरून कचाकच दाबतो, मग फोडून सगळा चुरा त्यावर ओततो, वर लाल हॉट सॉसची नागमोडी रेघ, गुंडाळी, कागद, संपलं. पहिला घास गरम आणि मऊ लागतो आणि मधेच कुरकुर ऐकू येते. सोबत करक चहा, म्हणजे वेलची घालून उकळलेला कडक चहा आणि त्यात डब्यातलं घट्ट दूध.

तर चिप्स मागवावेत का? मागवावेत. वजन जवळपास नाहीच, जागा मात्र खातात, आणि बॅगेत चुरा झाले तरी बिघडत नाही कारण शेवटी चुराच करायचाय. बाकीचा माल इथलाच चालतो, फ्रोझन मलबारी पराठा आणि कुठलंही चीज स्प्रेड. करकसाठी घट्ट दुधाचे डबे मात्र कोणाला आणायला लावू नका, वजनदार असतात, म्हशीचं दूध जरा जास्त वेळ आटवा, काम होतं.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू, जी कोणीच मागत नाही. लूमी. म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात पार कडकडीत वाळवलेलं लिंबू. बाहेरून तपकिरी काळं, हातात घेतलं तर काहीच वजन नाही, हलवलं तर आत बिया खुळखुळतात. नवीन माणसाला वाटतं हे खराब झालंय, आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सरळ कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. खलबत्त्यात एक टोला द्या, फुटतं, आतून काळाभोर चिकटसर गर निघतो आणि वास असा येतो की आंबट, थोडासा धुरकट, थोडासा आंबलेला. बिया न विसरता काढा, नाहीतर सगळं कडू होतं. तिकडे मटणाच्या रश्श्यात आणि भातात अख्खं भोकं पाडून टाकतात. मी तुरीच्या आमटीत आमसुलाऐवजी टाकते, एका पातेल्याला अर्धं पुरतं, आणि सुरमईच्या कालवणातही जमतं, पण तिथे मला आमसूलच जास्त आवडतं, कोकणातली आहे, काय करणार. नुसतं गरम पाण्यात टाकून साखर घालून चहासारखंही पितात, जेवण जड झाल्यावर बरं वाटतं. पाव किलोची पिशवी वर्षभर सहज पुरते, सांडत नाही, फुटत नाही. आमच्याकडे साध्या किराणा दुकानात मी तरी अजून बघितलेलं नाही. पाचपैकी पाच, डोळे झाकून मागवा.

ओमानी हलवा. ह्याच्यावर घरात दोन तट आहेत. आपला मुंबईचा कराची हलवा ज्यांना आवडतो त्यांना हा आवडणारच, जात तीच, पण हा वड्या पाडायच्या लायकीचा घट्ट नसतो, वाडग्यात लदलदीत असतो आणि चमच्याने किंवा तिकडच्या पद्धतीने बोटांनी घ्यायचा असतो. स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी, सुकामेवा, तांब्याच्या मोठ्या कढईत तासनतास घोटत बसतात, हात थांबला की लागला. ओमानातल्या बरका आणि निझवा ह्या गावांचा नावाजलेला. पहिल्या चमच्याला गुलाबपाणी आणि केशर, मग तूप, आणि तिसऱ्या चमच्यानंतर माझं तरी बास होतं. त्यासोबत कहवा पाहिजे, बिनसाखरेची वेलचीवाली कॉफी, नाहीतर गोडाने डोकं दुखतं. फ्रीजशिवाय खूप दिवस टिकतो हा मोठा फायदा, फ्रीजमध्ये ठेवलात तर दगड होतो. एक लक्षात ठेवा, काही जण ह्यात अंडं घालतात, तेव्हा घरात कोणी शाकाहारी असेल तर आणणाऱ्याला दुकानात विचारून घ्यायला सांगा. आणि चेक-इन बॅगेतच टाकायला सांगा, असली लिबलिबीत वस्तू हँडबॅगेत असली की सिक्युरिटीवाल्यांशी वाद होतो. अर्धा किलो पुष्कळ झाला. मोठे वाडगे घेऊन येतात लोक आणि मग बिल्डिंगभर वाटत बसतात.

खजूर तर सगळेच आणतात. आणणाऱ्याला सांगायचंच असेल तर नाव घेऊन सांगा, नुसतं "खजूर आण" म्हटलं की विमानतळावरचा चकचकीत डबा येतो, आत बदाम खुपसलेले, किंमत दुप्पट. खलास मागवा, सोनेरी तपकिरी, मऊ, गोडी थोडी कॅरमेलकडे झुकणारी. फर्द गडद रंगाचा आणि जरा चावायला लागतो, स्वस्तही असतो, दुधात भिजवायला किंवा चटणीला उत्तम. आणि गंमत सांगू का, आपण डिंकाच्या लाडवात जी खारीक घालतो त्यातली काही तिकडूनच येत आलेली आहे. ओमानात मबसली नावाचा खजूर पिवळा असतानाच काढतात, तांब्याच्या भांड्यात उकळतात, उन्हात वाळवतात आणि तो माल प्रामुख्याने भारतात पाठवतात, पिढ्यानपिढ्यांचा धंदा आहे. त्यामुळे माझ्या आत्याने मस्कतहून हौसेने खारीक मागवली होती तेव्हा मी काही बोलले नाही, पण मशीद बंदरच्या सुकामेव्याच्या बाजारात लोकलने गेली असती तर तेवढ्यात काम झालं असतं.

लबनेह मागवू नका प्लीज. तो चक्काच आहे. रात्री दही फडक्यात टांगा, सकाळी साखरेऐवजी मीठ घाला, वर ऑलिव्ह ऑइल, झालं. त्यावर भुरभुरायचा झातार मसाला मात्र मागवा, हलका असतो आणि त्यातल्या तिळाचा आणि सुमाकचा (एका आंबट फळाची पूड) वास इथल्या पाकिटांत कधीच तसा येत नाही.

निळा क्राफ्ट चीजचा डबा. ह्याच्याबद्दल लोक फार हळवे आहेत, गल्फमध्ये वाढलेली पोरं तर विशेष. मला विचाराल तर अमूलचाही डबा मिळतोच की, फरक आहे, पण अर्धा किलो सामान वाया घालवण्याइतका नाही. मध्यंतरी इथल्याच एका इंपोर्टेड मालाच्या दुकानात दिसला म्हणून आठवणीखातर घेतला, घरी येऊन बघते तर तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं, खालची तारीख कधीच उलटून गेलेली. परत घेतला नाही त्यांनी. तेव्हा अशा दुकानांत नखाने स्टिकर खरवडून बघत जा.

निडोचं आता काही राहिलं नाही. एकेकाळी कोकणात ज्या घरातला माणूस गल्फला, त्या घरात फळीवर निडोचे पिवळे डबे, आधी दूध पावडर संपवायची (पोरं चमच्याने कोरडीच खायची) मग त्यात तांदूळ नाहीतर कुळीथ. इथे चहात घालायच्या ज्या दूध पावडरी मिळतात त्यांतल्या बऱ्याचशांत साखर असते, निडोत नसते, म्हणून गुलाबजामला बरी पडते हे खरं. पण दोन किलोचा डबा? नको.

व्हिमटो राहिला. जांभळं सरबत, द्राक्ष, रास्पबेरी आणि ब्लॅककरंटचं, रमजानमध्ये तिकडे सुपरमार्केटात भिंतीच्या भिंती रचलेल्या असतात. लोकांना ते अरबी वाटतं पण मूळ मँचेस्टरचं आहे, १९०८ सालचं, तेव्हा टॉनिक म्हणून निघालं होतं. इफ्तारला बर्फ घालून पहिला घोट घेतला की उन्हाचा सगळा शीण जातो, आमचे शेजारी आवर्जून पाठवायचे. पण काचेची बाटली, पाकाने भरलेली, आणि आपल्या विमानतळावर बॅगा कशा फेकतात ते माहितीये ना, आमच्या ओळखीच्यांची एक फुटली तर नवऱ्याचे सगळे शर्ट जांभळे आणि वर मुंग्या. प्लॅस्टिकची बाटली मिळाली तर बघा, नाहीतर राहू दे.

आणि टँग कोण अजून मागवत असेल तर कृपा करून थांबा, खालच्या वाण्याकडे आहे.