सॉफ्टनर बसवला आणि शॉवर आटला

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही घर असू दे, वापरायचं पाणी बोअरचं असेल तर हे वाचून ठेवा. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, म्हणून बोअरला पर्याय नाही. ते पाणी जड. साबणाला फेस नाही, बादल्यांवर पांढरे थर, सोलरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या. ही नड हेरूनच सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, विकणारे दारात येतात.

आमच्याकडे आलेल्याने बाटलीत फेस करून दाखवला. तो फेस खरा होता. मशीनमधलं रेझिन (बारीक मणी) पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, त्यात बनवाबनवी नाही. मी सरळ विचारलं होतं, "टाकी गच्चीवर आहे, वरच्या बाथरूमचा फोर्स जाणार नाही ना?" "फरकच पडत नाही साहेब, शंभर टक्के."

मशीन टाकीतून घरात उतरणाऱ्या लाइनवर बसवलं. मग अंगणातला नळ सोडून दाखवला, पाणी धो धो! त्याचा व्हिडिओ काढला, उरलेले पैसे घेतले आणि वॉरंटी नोंदवायला हवी म्हणून माहितीपुस्तिकाही नेली. अंगणातला नळ टाकीच्या दोन मजले खाली. वरच्या शॉवरला मात्र करंगळीएवढी धार आणि बाथरूममधला गॅस गीझर पेटेचना.

फोन केला तर उत्तर तयार होतं : "तुमच्या टाकीची उंची कमी आहे. प्रेशर पंप लागेल, आमच्याकडे मिळतो." म्हणजे दुसरं बिल.

आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांनी बायपास, म्हणजे मशीनला वळसा घालून पाणी नेणारा व्हॉल्व्ह, उघडला आणि शॉवर पूर्ववत. "मशीन चांगलंय ओ, जागा चुकवलीय. तीही मुद्दाम."

हिशोब शाळेतलाच आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). आमची टाकी वरच्या शॉवरपासून जेमतेम १० फुटांवर, म्हणजे ०.३ किलो. शेजाऱ्यांकडे त्याच मॉडेलची पुस्तिका आहे, तिच्यात किमान दाब दीड किलो छापलाय. रेझिनच्या थरातून पाणी जाताना दाब खर्च होतोच. शिवाय एक इंची लाइनला रिड्यूसर लावून पाऊण इंची जोडणी केलेली. पुस्तिका का नेली, ते तेव्हा कळलं.

ज्याच्या घरी पाणी नुसतं उतारानं येतं, त्याने मशीन बोअर आणि टाकीच्या मधे बसवून घ्यावं. तिथे मोटारीचा दाब मिळतो. पण मोटार तासाला किती लिटर टाकते आणि मशीन किती पेलतं, हे जुळवून बघा, नाहीतर तिथेही पाणी तुंबतं. पैसे देण्याआधी सगळ्यात वरचा नळ सोडा आणि १० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते घड्याळ लावून बघा, एकदा बायपास बंद ठेवून, एकदा उघडून. रेझिन किती लिटर आहे आणि किमान दाब किती लागतो, हे बिलावरच लिहून मागा. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचं मीटर काढून "बघा, कमी झाला" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा; सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपणहून फोन केला : मशीन बोअरच्या लाइनवर हलवून देतो, फक्त मजुरी द्या. मजुरी देणार नाही, असं कळवलंय. जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरून ठेवलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.