बेळगावच्या ट्रॅव्हल एजंटला बी-टू-बी पोर्टल (फक्त एजंटांसाठीची तिकीट-हॉटेल बुकिंगची साइट) परवडतं का? पावसाळ्यापासून वापरतोय, सविस्तर लिहितो

गेल्या आठवड्यात कस्टमर केअरशी जी वादावादी झाली त्यामुळे आज लिहायला बसलोय, नाहीतर दिवाळीपर्यंत कुणी विचारलं तर डोळे झाकून घ्या म्हणून सांगत होतो. पोर्टलचं नाव लिहीत नाही, पैशाचा एक विषय अजून मिटायचाय. वॉलेट (आगाऊ भरून ठेवायचे पैसे), मार्कअप (भाड्यावर आपण लावायची वाढ), सब-एजंट लॉगिन (हाताखालच्या एजंटचं खातं) हे सगळं बाकीच्या पोर्टलसारखंच.

मी घेतलं ते एकाच गोष्टीसाठी, जवळचे विमानतळ एकत्र दाखवणारा सर्च. मुंबई-पुण्याच्या एजंटला याचं काही वाटणार नाही, पण बेळगावात बसून तिकीट काढणाऱ्याला रोज पाच विमानतळ बघावे लागतात, सांबरा (बेळगावचा), हुबळी, कोल्हापूर, गोव्यातला दाबोळी आणि 2023 पासून गोव्यातलाच मोपा. सांबऱ्याहून विमान ठराविक शहरांनाच, परदेशाचं तर नाहीच. आधी सांबऱ्याचा कोड आयएक्सजी टाकून बघायचो, मग त्याच क्रमानं बाकीच्यांचे एचबीएक्स, केएलएच, जीओआय, जीओएक्स, प्रत्येकाचं भाडं वहीत लिहून घ्यायचो आणि तोवर समोरचं गिऱ्हाईक मोबाईलवर स्वतःच बघत बसायचं. जीडीएसची (एजंटांना अनेक एअरलाइनची तिकिटं एकत्र दाखवणारी जुनी बुकिंग सिस्टीम) काळी स्क्रीन ज्यांनी वापरली त्यांना कमांडवर हे पटापट जमायचं, पण इंडिगो कितीतरी वर्षं जीडीएसवर नव्हतीच, 2019 ला ट्रॅव्हलपोर्ट या जीडीएस कंपनीशी जमलं, म्हणजे आमच्यासारख्याला ती स्क्रीन अर्धीच कामाची. या पोर्टलवर जीडीएसचं, एनडीसीचं (एअरलाइनची भाडी एजंटपर्यंत पोचवायची नवी पद्धत), एअरलाइनच्या थेट जोडणीचं सगळं एकाच यादीत येतं. निपाणीचे एक तंबाखूवाले काका हैदराबादचं तिकीट सांबऱ्याहून काढायला आले होते, यादीत कोल्हापूरचं दिसलं, त्यांना घरापासून तासाभराचा रस्ता, तिथल्या तिथं काढून दिलं.

आता खरी तक्रार, आणि ही मी त्यांना परत परत कळवलीय. हा सर्च अंतर सरळ रेषेत मोजतो. नकाशावर पट्टी ठेवली तर सांबऱ्यापासून हुबळी 75 किलोमीटरच्या आसपास, मोपा 80 च्या, कोल्हापूर आणि दाबोळी शंभरच्या घरात. म्हणजे पोर्टलच्या हिशोबात हुबळी आणि मोपा जवळपास सारखेच! पण हुबळीला हायवेनं दोन तासांत माणूस पोचतो आणि मोप्याला जायला चोर्ला नाहीतर आंबोलीचा घाट उतरायला लागतो, जुलै-ऑगस्टात धुकं, पाऊस, खड्डे, वळणावर एक ट्रक अडकला की विमान गेलंच समजा. यादी मात्र मोप्याचं भाडं कमी म्हणून वर टाकते आणि बाजूला 80 किमी लिहिते. गिऱ्हाईक स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणतं, अण्णा हे जवळच आहे की, हेच काढा. मग टॅक्सीचं भाडं किती, पहाटे किती वाजता निघायला लागेल, हे प्रत्येकाला समजावत बसायचं. रस्त्याचं अंतर आणि वेळ साधी टॅक्सीची अॅपसुद्धा दाखवतात, यांना काय अडचण आहे? निदान एजंटला स्वतः तास भरता येतील असा एक रकाना तरी द्या.

डिसेंबरच्या अपडेटनंतर माझं मत थोडं बदललं. विमानतळांचा क्रम आपला आपण लावून सेव्ह करता येतो. किमीचा आकडा चुकीचाच आहे, पण मी सांबरा, हुबळी, कोल्हापूर आणि शेवटी गोव्याचे दोन्ही असं लावून ठेवलंय, अर्धी कटकट गेली.

हॉटेलचं फार वापरलं नाही. छोट्या लॉजकडं चॅनल मॅनेजर (ऑनलाइन बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) नसतो, व्हाउचर मेलमध्ये पडून राहतं, म्हणून बुकिंग झालं तरी एक फोन करतोच.

आता वादावादीचं. मराठा सेंटरचा (बेळगावातलं लष्कराचं मराठा रेजिमेंटचं केंद्र) एक जवान, सुट्टी संपवून ड्युटीवर हजर व्हायचं होतं आणि आदल्या संध्याकाळी एअरलाइननं सांबऱ्याचं विमान रद्द केलं. तेव्हा याच सर्चनं हुबळीहून सीट काढून दिली, ते श्रेय देतो. पण जुन्या तिकिटाचा रिफंड? एअरलाइन म्हणते पोर्टलच्या खात्यात दिला, पोर्टल म्हणतं एअरलाइनकडून आलाच नाही, फोन केला की "सर, टिकट रेज हो गया है" (म्हणजे तक्रार नोंदवलीय) एवढंच. जवान पोर्टलला ओळखत नाही, मला ओळखतो, म्हणून त्याला माझ्या खिशातले दिले. एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी एअरलाइनची, एजंट त्यांचाच प्रतिनिधी, असं डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियमात आहे, ते लिहून एअरलाइनला पीएनआरसकट (बुकिंग नंबर) मेल टाकला. त्यांनी रिफंड कधी दिला ते तारखेसकट कळवलं, तोच मेल पोर्टलला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी वॉलेटमध्ये पैसे जमा! म्हणजे पैसे यांच्याकडंच पडून होते. त्यातूनही स्वतःची 300 रुपये सर्व्हिस फी कापली. विमान त्या पोरानं रद्द केलं नव्हतं, मी पण नाही, मग ही फी कसली? आमचं एका तिकिटामागचं कमिशन टीडीएस कापून किती उरतं ते सगळ्या एजंटांना माहीत आहे.

तेव्हापासून वॉलेटमध्ये त्या दिवसाच्या तिकिटापुरतेच पैसे टाकतो, एकदम मोठं टॉपअप बंद. जे नवीन घेणार आहेत त्यांनी डेमोत सर्च बघाच, पण एअरलाइननं रद्द केलेल्या तिकिटाची फी परत मिळते का ते आधी मेलवर लिहून घ्या.

रिन्यूअल मार्चमध्ये आहे. रस्त्याचं अंतर दाखवायला लागले तर वर्षाचे पैसे एकदम भरायला तयार आहे, नाहीतर महिन्याचाच प्लॅन घेणार, आणि ते 300 रुपये जमा झाल्याशिवाय तोही नाही, हे त्यांच्या सेल्सवाल्याला कळवलंय.