ओरे स्की रिसॉर्ट, स्वीडन : आन्या पॅर्सनचे फॅन असाल तर डोळे झाकून बुकिंग करा

ओरेला लोक स्कीइंगसाठी जातात, मी गेले ते आन्या पॅर्सनसाठी. ती जिथं जिंकली तो डोंगर एकदा बघायचा होता. त्या हिशोबानं ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते सांगते पुढं.

ज्यांना आन्या माहीत नाही त्यांच्यासाठी, ही स्वीडनची स्कीअर, तार्नाबी नावाच्या लहानशा गावात वाढलेली पोरगी, त्याच गावातून आधी इंगेमार स्टेनमार्क आला होता, ८६ वर्ल्ड कप रेस जिंकणारा (वर्ल्ड कप म्हणजे सीझनभर ठिकठिकाणी होणाऱ्या रेसची मालिका). आन्याचे वडीलच तिचे कोच. डिसेंबर १९९८ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी पहिली वर्ल्ड कप रेस जिंकली आणि २०१२ मध्ये रिटायर झाली तेव्हा खात्यात ४२ विजय होते, शिवाय ओव्हरऑल टायटल, म्हणजे सीझनभरातल्या सगळ्या प्रकारांचे पॉइंट मिळून पहिला नंबर, दोनदा, २००४ आणि २००५. त्यातलं २००५ चं फक्त ३ पॉइंटनी! क्रोएशियाची यानित्सा कोस्तेलिच शेवटपर्यंत मानगुटीवर बसलेली होती. अख्खा सीझन, एवढ्या रेस आणि फरक ३ पॉइंटचा, मला अजून विचार केला तरी कसंतरी होतं.

आता ओरेबद्दल. रेस नसेल तेव्हा रेसवाले उतार आपल्यासारख्यांना पण खुले असतात, हीच या जागेची सगळ्यात भारी गोष्ट. टीव्हीवर सगळं सपाट दिसतं हो, कॅमेरा उताराची पार वाट लावतो. प्रत्यक्षात वर कडेला उभं राहिलं की पुढचे काही मीटर दिसतात आणि मग एकदम काहीच नाही, उतार डोळ्यांआडच जातो, खाली थेट गोठलेला तलाव आणि गावातली घरं. आणि बर्फ म्हणजे आपण समजतो तसा भुसभुशीत नाही. घासून घट्ट झालेल्या भागात वळायला गेलं की स्कीची कड रुततच नाही, नुसता कर्रर्र आवाज येतो आणि आपण आडवे घसरत जातो. रेससाठी तर मुद्दाम आत पाणी मुरवून तो अजून कडक करतात, म्हणजे मागून येणाऱ्यांना खड्डे लागू नयेत. मी अर्ध्यातून बाजूच्या सोप्या वाटेनं उतरले आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

तिथं उभं राहून २००७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप डोक्यात आली. घरचं पब्लिक, अख्ख्या देशाच्या नजरा तिच्यावर, आणि बाईनं सुपर-जी (डाउनहिलपेक्षा जरा जास्त वळणांची वेगवान रेस), सुपर कम्बाइंड (एक वेगवान फेरी आणि एक स्लालमची, दोन्हीचा वेळ मिळून) आणि डाउनहिल (सगळ्यात वेगवान रेस) अशी तीन गोल्ड काढली. मुळात ती स्लालमवाली, म्हणजे आखूड स्की आणि झटपट वळणं. डाउनहिलला स्की दोन मीटरपेक्षा लांब आणि स्पीड ताशी १०० किलोमीटरच्या वर, सगळं वेगळंच गणित. स्लालम आणि जायंट स्लालमची (स्लालमपेक्षा मोठी वळणं) गोल्ड आधीच होती, त्यामुळे पाचही प्रकारांत वर्ल्ड चॅम्पियन झालेली ती पहिली स्कीअर. आणि जिंकल्यावर फिनिशला पोटावर घसरत जाणं, ते तर तिचंच!

ऑलिम्पिक गोल्ड एकच, २००६ चं तुरिनमधलं स्लालम. पण मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं मेडल २०१० च्या ऑलिम्पिकचं ब्राँझ. डाउनहिलच्या शेवटच्या जंपवर ती साधारण ६० मीटर हवेत गेली आणि अशी आपटली की बघवत नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी सुपर कम्बाइंडला उतरून मेडल घेऊन आली. अंग ठणकत असताना परत त्याच डोंगरावर जायचं म्हणजे काय, ते ओरेच्या त्या कडेवर उभं राहिल्यावर मला जरा जास्त कळलं.

बाकी सोयी एक नंबर. स्टॉकहोमहून थेट ट्रेन आहे आणि स्टेशन गावातच, सामान ओढत फिरावं लागत नाही. पास खिशात असला की लिफ्टचं गेट आपोआप उघडतं. १९१० पासूनची डोंगरावर चढणारी जुनी रेल्वे आहे, तीत बसाच. तुम्ही अगदीच नवशिके असाल तर ब्योर्नेनच्या बाजूला जा, तिथले उतार पोरासोरांना पण जमतात.

स्टार कापला तो वाऱ्यापायी. वर वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद, मग सगळी गर्दी खाली आणि रांगाच रांगा. सेफ्टीसाठी करतात हे मान्य, पण पासचे पैसे भरून खाली थांबायला जिवावर येतं. आणि भाड्याचे बूट नीट घालून, गुडघे वाकवून, टाच उचलतेय का ते बघूनच घ्या. मला एका दुकानात घाईघाईत एक साइज मोठे दिले होते, पाय आत हलायला लागला की वळणच घेता येत नाही.

डिसेंबरमध्ये अंधार फार लवकर पडतो, त्यापेक्षा मार्च बरा, उजेड भरपूर. फक्त मार्चमध्ये कधीकधी वर्ल्ड कप असतो, २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिननं स्टेनमार्कचा ८६ विजयांचा रेकॉर्ड मोडला तो इथंच. रेसच्या दिवसांत तो उतार आपल्याला मिळत नाही, पण रेस बघायला मिळते, तेव्हा तुम्हाला काय हवंय ते ठरवून मगच तारखा घ्या.