क्लोनझिला उत्तम, पण आधी सी ड्राइव्ह हलका करा

क्लोनझिला हे डिस्कचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर मी दोन वर्षं वापरतोय. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट होतं आणि दिसायला अगदी रुक्ष. माउस विसरा, बाणाच्या कळा आणि एंटरवर सगळा कारभार.

सुरुवातीला मी त्यालाच संथ म्हणायचो. दोष माझाच होता. सी ड्राइव्हवर २१० जीबी पसारा, इमेज, म्हणजे ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, घ्यायला दोन तास. ‘येत्या रविवारी नक्की’ करता करता सहा महिने बॅकअपच नाही.

मग एकदा जुन्या २५६ जीबीच्या एसएसडीवर रिस्टोअर करून बघायला गेलो. २१० जीबी माल बसायला हवा की! क्लोनझिलानं साफ नकार दिला. इमेज घेताना ते फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं, पण परत ओतताना भांडं मूळ भांड्याएवढं तरी लागतं, आत पाणी कितीका असेना. माझं मूळ पार्टिशन, म्हणजे डिस्कवर सी ड्राइव्हसाठी आखलेला भाग, होतं ४६० जीबीचं. म्हणजे माल कमी करायचा आणि भांडंही लहान करायचं, अशी दोन कामं.

माल शोधायला विनडरस्टॅट लावलं, जागा कशानं खाल्लीय ते चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर. रंगीत चौकोनांच्या त्या गोधडीत एक भलामोठा ठोकळा दिसला: कधीतरी हौसेनं बनवलेलं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर), ४८ जीबी. ते, फोटो आणि डाउनलोड्स दुसऱ्या डिस्कवर हलवले. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं विनएसएक्सएस फोल्डरही फुगलेलं दिसतं, त्याला हातानं हात लावू नका. विंडोजच्याच डिस्क क्लीनअपला करू द्या.

खरी झटापट पार्टिशन लहान करताना झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ दाबलं, तर भरपूर जागा मोकळी असूनही जेमतेम ९ जीबी सोडायला तयार. मध्येच ठाण मांडून बसलेल्या, न हलणाऱ्या फाइली आडव्या येतात. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून झोपणं), पेजफाइल (रॅमला जोड म्हणून वापरायची फाइल) आणि सिस्टम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) बंद केलं, रीस्टार्ट केलं, मग गाडी हलली. सी आता १२० जीबीचा, त्यात माल ६२. पेजफाइल आणि सिस्टम रिस्टोअर नंतर आठवणीनं परत चालू केलं. हायबरनेशन मात्र बंदच ठेवलंय. त्यानं फास्ट स्टार्टअपही (बंद करताना विंडोज अर्धवट झोपवून ठेवण्याची सोय) जातं आणि विंडोज अर्धवट झोपलंय म्हणून क्लोनझिला अडत नाही.

आता सीची इमेज पंचवीस मिनिटांत होते. त्या जुन्या एसएसडीवर १३० जीबीचं पार्टिशन करून ओतून पाहिली, फाइली नीट उघडल्या.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. दर वेळी पूर्ण इमेज, फक्त बदललेलं घेण्याची सोय नाही. तेवढा वेळ कॉम्प्युटर अडकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकामी जागाही कॉपी होते, मग हा सगळा उपद्व्याप वाया. आणि डिस्कची नावं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी येतात, कुठली कोणती ते चटकन कळत नाही. रिस्टोअरच्या आधी ते दोनदा विचारतं. मी दोन्ही वेळा डिस्कचा आकार बोट ठेवून वाचतो आणि मगच ‘वाय’ दाबतो.