केग सेटअपच्या नावाखाली ६४,२५० रुपयांना बुडवलं, कास रोडवरून लिहितेय

केग म्हणजे नळाने सोडा किंवा बिअर देणारं स्टीलचं पिंप. ते घ्यायला गेले आणि चौसष्ट हजार दोनशे पन्नास रुपये गेले. आकडा पूर्ण लिहितेय, कारण गोल आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला वाटतं बाई वाढवून सांगतेय. टोकन ५,०००, मालाचे ३७,०००, सिलिंडरचं डिपॉझिट ७,५००, परवान्याचे ११,८०० आणि टेम्पोभाडं २,९५०. सगळे यूपीआयने दिले आणि एकूण एक स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

आमचा यवतेश्वरच्या पुढे कासच्या रस्त्याला स्टॉल आहे. भजी आणि मका सगळेच विकतात, आमच्याकडे गाड्या थांबतात त्या आल्याच्या सोड्यासाठी. आलं कोरेगावकडचं, लिंबू, साखरेचा पाक, वर सोडा. पुण्या-मुंबईची पोरं त्याला जिंजर बिअर म्हणतात, म्हणून पाटीवरही तेच लिहिलंय. दारूचा एक थेंब नाही, आम्ही ते आंबवतसुद्धा नाही. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी बाटलीतला सोडा पुरत नाही आणि अर्धी बाटली उरली की गॅस जातो. म्हणून केग घ्यायचे ठरवले. १९ लिटरचा स्टीलचा केग, आत थंड रस, वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवला की गॅस रसात मुरतो आणि नळ ओढला की ग्लास भरतो. घरी बिअर करणारे हौशी लोक हेच सामान वापरतात, म्हणून मी त्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले. मला बुडवणारा माणूस तिथेच भेटला.

अॅडव्हान्स, मग वाहतूक, मग अजून एक फी, हा प्रकार आता सगळ्यांना पाठ आहे. मलाही होता. पण याला सामानातलं खरंच कळत होतं. केगला नळ्या जोडायचे दोन प्रकार असतात, बॉल लॉक आणि पिन लॉक, आणि त्यांची कनेक्शनं एकमेकांना बसत नाहीत, हे त्यानेच सांगितलं. बिअरला १० ते १२ पीएसआय (दाबाचं माप) दाब पुरतो, सोड्याला २५ ते ३० लागतो, आणि नळी आखूड पडली तर ग्लासात नुसता फेस येतो, हेही त्यानेच समजावलं. मी दुसरीकडे विचारून खात्री केली, सगळं बरोबर निघालं. इतकं जाणणारा माणूस माल द्यायलाच बसलाय असं माझ्या जागी कुणालाही वाटलं असतं. माझे मिस्टर वायरमन आहेत, त्यांनाही वाटलं.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवलीय तो सांगते. ३७,००० पाठवण्याआधी मी व्हिडिओ कॉल मागितला. त्याने लगेच लावला. चार केग रांगेत, मागे सिलिंडर, त्याला रेग्युलेटर. नळ ओढला, ग्लासात बिअर आली, वर चार बोटं फेस. ‘बघा ताई, १२ वर ठेवलाय,’ म्हणाला. तो कॉल मी रेकॉर्ड केला होता. नंतर पुन्हा पाहिला तेव्हा हात थरथरायला लागले. रेग्युलेटरला दोन मीटर असतात, एक सिलिंडरच्या आतला दाब दाखवतो आणि दुसरा केगकडे जाणारा. दोन्ही काटे शून्यावर! भरलेल्या सिलिंडरचा काटा खोलीतल्या तापमानाला ५० बारच्या पुढे असायलाच हवा. केगमध्ये आधीच मुरलेला गॅस असला की सिलिंडर बंद असतानाही पाच-दहा ग्लास निघतात, तेच त्याने मला दाखवलं. काटे पडद्याच्या मधोमध होते, कॅमेरा त्यांच्यावरून गेला, आणि माझी नजर फेसावर. पण ती वेळ बघा. संध्याकाळची गर्दी, कढईत भजी, फोन बरणीला टेकवून ठेवलेला. त्या टीचभर पडद्यावर कोण काटा वाचत बसणार? तुम्ही मात्र वाचा. कॉल थांबवून ‘मीटरवर कॅमेरा धर आणि आता सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघड’ असं सांगा. व्हॉल्व्ह उघडूनही सिलिंडरचा काटा शून्यावरच राहिला तर पैसे देऊ नका.

परवान्याचे ११,८०० तर त्याने धाक घालून काढले. ‘पाटीवर बिअर लिहिलंय, नळातून फेसाळ काढणार, एक्साइजवाले आले तर स्टॉल उचलून नेतील. होमब्रूचं लायसन्स मी काढून देतो, १०,००० अधिक जीएसटी.’ रस्त्यावर धंदा करणाऱ्या बाईला खात्याची भीती असतेच. ती असण्यात माझी काय चूक? मी रीतसर वागायचं म्हणूनच भरले. घरी बिअर करण्यासाठी महाराष्ट्रात परवाना मिळतच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो, त्यावर बनवता येत नाही. त्याने मला पाठवलेला कागद म्हणजे कुणाचा तरी पिण्याचाच परवाना, त्यावर माझं नाव चिकटवलेलं. बिलावरचा पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ म्हणजे गुजरात. बिल हातात आल्याबरोबर पहिले दोन आकडे बघा.

माल आला, पण चारऐवजी दोन केग. एक बॉल लॉक, एक पिन लॉक, आणि कनेक्शनं फक्त बॉल लॉकची. झाकणाची रबरी रिंग इतकी कडक झालेली की नखाने तुकडा पडला. केगवर जास्तीत जास्त दाबाचा आकडा कोरलेला असतो, तिथे दोन्हींवर ग्राइंडर फिरवलेला. आणि ५ किलोचा काळा सिलिंडर, रिकामा.

तो घेऊन आम्ही एमआयडीसीत गॅस भरून देणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आधी मानेवरचे आकडे शोधले. सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी होते आणि तारीख तिथे ठोकलेली असते. तिथे पुट्टी भरून रंग मारला होता. त्यांनी खिशातली किल्ली काढून तळाशी खरवडलं. काळ्याखाली लाल रंग निघाला. ‘वहिनी, हे आग विझवायचं यंत्र आहे. हे मी भरणार नाही आणि तुम्हीही कुठे भरून घेऊ नका.’ आगीच्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत नळी असते, त्यामुळे उघडल्यावर गॅसऐवजी द्रवच बाहेर येतो. त्याला रेग्युलेटर लावून केगला जोडलं तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्याबरोबर माझी लेक उभी होती. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे. हा माणूस नुसता लुबाडत नाही, लोकांच्या स्वयंपाकघरात धोका पाठवतोय.

मग तक्रार करायला गेले. पोलीस ठाण्यात मी ‘केग’ म्हटलं, समजलं नाही. ‘बिअरचा’ म्हटल्यावर टेबलावरचे सगळे वर बघायला लागले. ‘बिअर कुठे बनवता? किती दिवसांपासून?’ मी पैसे गेल्याचं सांगतेय आणि जबाब माझाच चाललाय! आल्याचा सोडा आहे हे सांगून घसा कोरडा पडला. ‘पैसे तुम्हीच पाठवले ना, मग हा दिवाणी मामला.’ खोटा परवाना, रंगवलेला सिलिंडर, हे दिवाणी कसं? मी न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं तर ‘वकील आहात का?’ खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही, असंही ऐकवलं. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. बँकेत गेले तर एफआयआरची प्रत आणा. ठाण्यात आले तर बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. ते आणलं तर साहेब बंदोबस्ताला. उत्पादन शुल्कवाल्यांकडे खोटा परवाना दाखवला, तर तो कुणी बनवला हे विचारायचं सोडून ‘ते नळ-पिंप अजून तुमच्याकडेच आहे का? आम्हाला येऊन बघावं लागेल.’ मिस्टर म्हणाले, सोड आता. मी सोडणार नाही.

कारण हा धंदा कशावर चालतो ते मला आता कळलंय. त्या ग्रुपवर मी लिहिल्यावर चौघांनी मला खासगीत मेसेज केले. एकाचे २८,०००, एकाचे ५१,५००. चौघेही घरी बिअर करणारे, आणि चौघांनीही तक्रार केलेली नाही, कारण तक्रार केली की आधी त्यांच्याच घराची झडती होईल. ज्यांना तोंड उघडता येत नाही अशी माणसं तो नेमकी निवडतो. मी त्यांच्यातली नव्हते, तरी ‘बिअर’ या शब्दामुळे मलाही तसंच वागवलं गेलं. यंत्रणा अशी वागत राहिली तर त्याला लपायचीही गरज नाही.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याची वाट बघू नका. समोरच्या खात्यात पैसे असतील तोवरच ते गोठवता येतात. माझा माल येईपर्यंत तो वेळ निघून गेला होता. ऑनलाइन तक्रारीत ‘बिअर’ लिहू नका, ‘स्टीलचे पिंप आणि गॅस सिलिंडर’ लिहा. ते खरंही आहे.

त्याने नंबर बदललाय. चार केगांचा तोच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय, मागे हिरवी फरशी आणि डाव्या केगच्या कडीला निळी सुतळी. तो फोटो आला तर ओळखा. आणि ज्यांच्याकडे त्याचा काळा सिलिंडर आधीच पोचलाय त्यांनी रेग्युलेटर लावण्याआधी तळाशी किल्लीने खरवडून बघा. लाल निघाला तर व्हॉल्व्हला हात लावू नका, पोरांपासून लांब ठेवा आणि गॅसवाल्याला बोलवा.