जुन्या पूलला मिठाचं मशीन बसवावं की क्लोरीनच चालू ठेवावा?

फार्महाऊसवरचा पूल दहा-पंधरा वर्षांचा झाला की कोणीतरी सुचवतंच, "ब्लिचिंगची कटकट सोडा, मिठाचं मशीन लावा." पेंच-ताडोबाकडच्या रिसॉर्टवाल्यांना ते जमतंही. पण माझ्या मते विदर्भातल्या खेड्यात हा निर्णय मशीनच्या किमतीवर ठरत नाही; तो बोअरच्या पाण्यावर आणि लाइटवर ठरतो.

आधी एक गैरसमज काढू. मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच असतो. पाण्यात लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं (समुद्रात साधारण ३५) आणि मशीनच्या सेलमधल्या, म्हणजे पाणी जातं त्या डबीतल्या, टायटॅनियमच्या पट्ट्या विजेच्या जोरावर त्यातूनच क्लोरीन तयार करतात. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे ४५ हजार लिटर. त्याला ५० किलोची तीन पोती मीठ पुरतं. मीठ शुद्ध आणि बिनआयोडीनचं घ्यावं. मीठ वाफेसोबत उडत नाही. ते जातं बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना), पावसात पूल भरून वाहिला की आणि गळतीतून. म्हणून जुना पूल गळत असेल तर आधी गळती काढा.

मिठाचा खरा फायदा उन्हाळ्यात कळतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या लिक्विड क्लोरीनची ताकद मे महिन्यात भराभर उतरते. टीसीसीएच्या (क्लोरीनच्या घट्ट) गोळ्या टिकतात, पण प्रत्येक गोळीसोबत पाण्यात सायन्युरिक आम्ल साठत जातं. थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ते फार वाढलं की क्लोरीन असूनही काम करत नाही, आणि अर्धा पूल रिकामा करण्याशिवाय सोपा इलाज नसतो. एप्रिलमध्ये तेवढं पाणी आणायचं कुठून? मिठाच्या पूलमध्ये हे आम्ल एकदाच मोजून टाकायचं.

पण आपलं बोअरचं पाणी कठीण. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडालं तर या पूलमध्ये ३२० लिटर भर घालावी लागते. कठीणता लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर महिन्याला पावणेपाच किलोच्या आसपास क्षार आत येतात आणि मागेच राहतात. मिठाच्या पद्धतीत पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) सारखा वर चढतो, त्यामुळे हे क्षार सेलवर पांढरे थर धरतात. मग आम्लाने धुणं आलं आणि काही वर्षांत सेल बदलणंही. ब्लिचिंग पावडरही कॅल्शियम वाढवतेच, पण तिथे महागडा सेल तरी नसतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मीठ टाकण्याआधी पाणी तपासाच. त्यात मुळातच किती मीठ आहे तेवढं वजा करून पोती आणा.

लाइटचं गणित वेगळं. मशीन पंप चालू असतानाच क्लोरीन बनवतं. या आकाराच्या पूलला कडक उन्हाळ्यात रोज दीडशे ग्रॅमपर्यंत क्लोरीन लागू शकतो. आठच तास वीज मिळत असेल तर तासाला २० ग्रॅमचं मशीन हवं. लहान घेतलंत तर पाणी हिरवं होणारच. दोन दिवस डीपी जळालेली असेल तर बादलीने क्लोरीन टाकावाच लागतो, म्हणजे लिक्विड क्लोरीनचा जुना कॅन ठेवायचाच.

जुन्या पूलचं लोखंडी सामान, साधी स्टीलची शिडी आणि काठावरची शहाबादी फरशी मिठाने लवकर खराब होते. बॅकवॉशचं पाणी संत्र्याच्या बागेत सोडू नका. संत्र्याला खारं पाणी सोसत नाही आणि काळ्या मातीत सोडियम साठला की जमीन चोपण (कडक, पाणी न मुरणारी) होते. ज्यांच्याकडे बागेशिवाय हे पाणी सोडायला जागाच नाही, त्यांच्यासाठी प्रश्न इथेच मिटला.

कालव्याचं किंवा नळाचं मऊ पाणी, गावठाण फीडरची (शेतीची नव्हे, गावातल्या घरांची) वीज आणि धड फिटिंग असेल तर मीठ घ्या. बाकीच्यांनी लिक्विड क्लोरीन थेंबाथेंबाने सोडणारा छोटा डोसिंग पंप बसवावा. रोजची बादली सुटते आणि बिघडला तरी सेलइतका खर्च येत नाही. फक्त क्लोरीनचा कॅन सावलीत ठेवा आणि पंधरा दिवसांपुरताच आणा.