आधी ‘घाई कशाला’, मग ‘आजच भरा’

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, फिरणारा पंखा तेवढा तासन्‌तास बघतं. घरात वाक्य ठरलेलं: “त्याचा बापूस पण चार वर्षांपर्यंत बोलला नव्हता.” देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, कौल-प्रसाद लावला जातो, कुणीतरी जिभेखालची शीर कापून आणायला सुचवतं. या टप्प्यात पैसे फारसे जात नाहीत. जातात ते महिने, आणि खोटे उपचार विकणाऱ्या थेरपी सेंटरांचा धंदा त्या महिन्यांवरच चालतो. दीड वर्षाच्या मुलाचे आईबाप चार प्रश्न विचारतात. तीच माणसं मूल साडेतीन वर्षांचं झालं आणि बालवाडीने “याला घरीच ठेवा” म्हटलं की काहीही न विचारता पैसे भरतात.

प्रसाद जरूर लावा, पण त्याच आठवड्यात कानही तपासून घ्या. शीर कापण्याबद्दल सांगायचं तर जीभ खाली चिकटलेली असली की दूध ओढायला अडचण येते, क्वचित काही उच्चार अडखळतात. शब्दच नाहीत आणि हाकेला वळणं नाही, याचं कारण ती शीर नव्हे.

“चवथीच्या फटाक्याला दचकतो, म्हणजे ऐकू येतं” हाही असाच खोटा दिलासा. फटाका, ताट, टाळी हे आवाज इतके मोठे असतात की बरंच ऐकू न येणारं मूलही दचकतं. त्याच मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ हे बारीक आवाज मात्र पोचत नसतात. म्हणून तपासणी यंत्रावर हवी. ओएई ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते, पण ती फक्त आतल्या कानाबद्दल सांगते. आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे बेरा तपासणीत कळतं. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात. ओएई पास झाली म्हणून कुणी “कान ठीक” असं मोघम लिहून दिलं आणि मूल तरीही वळत नसेल, तर बेराचा आग्रह धरा.

कुठल्या वयात हलायचं, ते फ्रीजवर चिकटवण्याएवढं छोटं आहे. वर्षभराचं मूल बडबडत नाही किंवा नावाला वळत नाही. दीड वर्षाचं चालत नाही किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांचं “दूध दे” असे दोन शब्द जोडत नाही. किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गळून जातात. यातलं एक दिसलं तरी पुरे. ऑटिझमसाठी (मेंदूची जडणघडण वेगळी असल्याने बोलणं, मिसळणं वेगळं असतं ती अवस्था) एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची चाळणी आहे, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी, फुकट. ती निदान करत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच सांगते. तिच्या निकालावर थेट “ऑटिझम आहे” म्हणून पॅकेज विकणारा माणूस खोटा समजावा.

आता पैशांचा टप्पा. बोर्डावर “सहा महिन्यांत नॉर्मल” असतं. आत गेल्यावर बोटांचे ठसे घेऊन किंवा डोक्याला पट्टा लावून रंगीत प्रिंट हातात देतात: मेंदूचा अमुक भाग “झोपलेला” आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाची क्षमता कळत नाही, विषय संपला. मग शंभर सेशनचं पॅकेज, आज भरलं तर सवलत, पावती कच्ची, पालक बाहेर. तीन महिन्यांनी ‘आधी आणि नंतर’चा व्हिडिओ येतो. तो नीट बघा. पहिला पहिल्याच दिवशी घेतलेला असतो: परकी खोली, परका माणूस, मूल रडतंय. दुसऱ्यात माणूस ओळखीचा झालेला, बिस्किट कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर धरलेलं, आणि तोच प्रश्न दहादा विचारून अकराव्यांदा आलेलं उत्तर तेवढं ठेवलेलं. शिवाय तीन महिन्यांत मूल आपोआपही थोडं पुढे जातंच. तेही सेंटरच्या खात्यावर जमा होतं.

सगळ्यात धोक्याचा प्रकार “शरीरातलं शिसं-पारा काढणे”. यात मुलाला आधी धातू खेचणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. औषधामुळे धातू लघवीत जास्त उतरणारच. तो आकडा औषध न घेतलेल्या माणसाच्या प्रमाणाशी ताडला की कुणाचाही रिपोर्ट लाल येतो. पुढच्या इंजेक्शनांनी रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं. 2005 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा असाच गेला. स्टेमसेल (मूळपेशी) उपचाराबद्दलही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलं की ऑटिझमवर उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही.

माणूस कसा तपासायचा? स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे), विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा: नाव तेच आहे का, शाखा कुठली, मुदत संपलेली नाही ना. विशेष शिक्षकाचा क्रमांक दाखवून स्पीच थेरपी चालवणारेही असतात, म्हणून शाखा वाचायचीच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, हालचाली शिकवणारे) मात्र या यादीत शोधू नका, त्यांची पदवी बीओटी किंवा एमओटी बघा. यादीत नाव नाही म्हणून चांगल्या माणसाला खोटं ठरवण्याची चूकही होते.

खऱ्या थेरपीचा कागद कंटाळवाणा असतो. “आठ आठवड्यांत, खाऊ हवा असल्यास दहापैकी सात वेळा बोट दाखवून मागेल” असं त्यात लिहिलेलं असतं, आणि घरी काय करायचं तेही. पालकांना आत बसवतात, कारण मुलाचे जागेपणीचे बहुतेक तास घरातच जातात. पालकांना शिकवण्याची अशी पद्धत गोव्यात आणि रावळपिंडीत तपासली गेली, त्यात पर्वरीची संगाथ संस्था होती. मुलं पालकांशी जास्त संवाद सुरू करू लागली, एवढाच माफक निष्कर्ष निघाला. दार लावून घेणाऱ्या सेंटरला हे विचारून बघा.

सुरुवात अंगणवाडीपासूनही करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, 2013 पासून, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार मोफत आहे. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा यायचं असतं, पण त्याची वाट बघत बसू नका. गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्यांनी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात, सासष्टीकडच्यांनी मडगावच्या हॉस्पिसियो इस्पितळात बालरोग ओपीडी गाठावी, किंवा थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ). तारीख लांबची मिळाली तरी घ्या. लांबच्या तारखेला कंटाळूनच लोक पॅकेजवाल्याकडे वळतात.

पैसे अडकले असतील तर आधी लेखी परतावा मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. पावती, जाहिरातीचा फोटो, “बरा करतो” म्हणणारे मेसेज जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

आणि ओपीडीला जाताना दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या: मूल एकटं खेळताना, जेवताना, आणि मागून नाव घेऊन हाक मारताना. डॉक्टरांसमोर ते रडेल किंवा कोपऱ्यात जाऊन बसेल, घरी काय करतं ते मोबाइलवर तरी दिसेल.